मिठाच्या बरणीतलं रसायनशास्त्र

“बाई, मग आपण मरत कसे नाही?”

नववीच्या वर्गातल्या एका मुलीने मला हा प्रश्न विचारला आणि माझी बोलतीच बंद झाली. खरं म्हणजे मी मराठीची बाई, तीही अर्धवेळ. बी.ए.ला मराठी साहित्य घेतलं होतं आणि शास्त्राच्या पुस्तकाला अकरावीनंतर हात लावलेला नव्हता. पण विज्ञान शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि “तेवढे दोन महिने सांभाळून घ्या” असं म्हणून नववीचे तास माझ्या गळ्यात पडले. रात्री स्वयंपाकघरातली झाकपाक झाली की मी पुस्तक उघडायची आणि दुसऱ्या दिवशी तेच मुलांना सांगायची. त्या दिवशी सांगितलं, की सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर भडका उडतो, क्लोरीन हा वायू विषारी आहे, आणि हे दोघे एकत्र आले की आपलं रोजचं मीठ होतं. त्यावर हा प्रश्न!

मैत्रिणींनो, तुम्हाला याचं उत्तर देता येईल? मला त्या दिवशी आलं नाही. “उद्या सांगते” म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन मिठाची बरणी उघडली आणि त्या पांढऱ्याशुभ्र दाण्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. आमटीत दररोज घालतो ते हे, आणि त्याच्याबद्दल आपल्याला एवढंसुद्धा ठाऊक नसावं ना?

आणि राहायला कुठे, तर नवघरला! लग्न होऊन मी भाईंदरला आले तेव्हा मीरा रोड सोडून गाडी पुढे निघाली की खिडकीतून मिठाचे ढीग दिसायचे. उन्हात डोळे दिपवणारे. आमच्या नवघर गावापलीकडे खाडीच्या अंगालाही मिठागरं होती. पुढे कुठे इमारती उभ्या राहिल्या, कुठे बांध फुटून तिवरं माजली. पण जुन्या गावात अजून अशी माणसं भेटतात, ज्यांच्या घरची चूल मिठावर पेटत होती. आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी त्यांतल्याच. त्यांच्याविषयी पुढे येईलच. आधी त्या मुलीचा प्रश्न.

जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते, इतकं आपण शाळेत घोकलेलं असतं. अणू म्हणजे कसा? मध्ये एक केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. हे केंद्रक इतकं लहान, की अणू वानखेडे स्टेडियमएवढा मोठा केला तर केंद्रक मैदानाच्या मध्यावर ठेवलेल्या मोहरीच्या दाण्याएवढं भरेल! बाकी सगळी मोकळी जागा. पण अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या मोहरीत, आणि त्याचा स्वभाव मात्र बाहेरच्या इलेक्ट्रॉनांत. हे मला फार आवडलं. घराचंही तसंच नाही का? तिजोरी आत असते, पण घर कसं आहे ते उंबऱ्यावर कळतं.

केंद्रकात प्रोटॉन किती, त्यावरून मूलद्रव्य ओळखायचं. एक असेल तर हायड्रोजन, सहा असतील तर कार्बन, आठ असतील तर ऑक्सिजन. सोडियमचे ११, क्लोरीनचे १७. जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन, आणि ते कवचाकवचांत बसतात. पहिल्या कवचात जास्तीत जास्त दोन, पुढच्यात आठ. सोडियमची मांडणी २, ८, १ आणि क्लोरीनची २, ८, ७. हे आकडे जरा ध्यानात ठेवा, सगळी गंमत त्यांतच आहे.

आता ती आवर्तसारणी. शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेला तो रंगीत चौकटींचा तक्ता पाहून पोटात गोळा आला नाही अशी बाई विरळाच. मला तर तो कोड्याचा कागद वाटायचा. पण एकदा दूधवाल्याचा हिशोब लिहिताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे लक्ष गेलं आणि एकदम उजेड पडला. दिनदर्शिकेत तारखा ओळीने पुढे जातात, पण वार फिरून फिरून येतो. मंगळवारच्या रांगेत ३, १०, १७, २४ या तारखा असतील. तारखा निराळ्या, पण आमच्या घरी त्या चारही दिवशी उपास तोच. सारणीही अशीच आहे. मूलद्रव्यं क्रमाने मांडत गेलं की ठरावीक अंतराने स्वभाव फिरून येतो, म्हणून तर ‘आवर्त’. फक्त इथला आठवडा सुरुवातीला आठ दिवसांचा आणि पुढे लांबत जाणारा, १८ दिवसांचा, ३२ दिवसांचा. लिथियम ३, सोडियम ११, पोटॅशियम १९. आठ-आठच्या अंतराने एकाखाली एक, आणि तिघेही पाणी दिसलं की खवळणारे! का? तर तिघांच्याही शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, आणि तो कधी एकदा देऊन टाकतो असं त्यांना झालेलं असतं.

हा तक्ता रशियातल्या मेंडेलीव्हने १८६९ साली मांडला. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती, आज ११८ आहेत. त्याची हुशारी अशी की जिथे योग्य बिऱ्हाड सापडेना तिथे त्याने चौकट मोकळी ठेवली आणि छातीठोकपणे सांगितलं, की इथे राहायला येणारा अजून सापडायचाय, पण त्याचा स्वभाव असा असा असेल. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या जागेला त्याने ‘एक-ॲल्युमिनियम’ असं नाव दिलं. हा ‘एक’ आपल्या संस्कृतातला बरं का! १८७५ साली तिथे गॅलियम येऊन बसलं आणि १८८६ साली ‘एक-सिलिकॉन’च्या जागी जर्मेनियम.

मला मात्र मेंडेलीव्हपेक्षा त्याची आई जास्त लक्षात राहिली. सायबेरियातलं तोबोल्स्क गाव, नवऱ्याची दृष्टी गेलेली, पदरी मुलांचं लेंढार. या बाईने माहेरचा बंद पडलेला काचेचा कारखाना हाती घेऊन संसार ओढला. नवरा गेला, १८४८ साली कारखानाही जळाला. तेव्हा शेंडेफळ दिमित्रीला घेऊन ती शिक्षणासाठी आधी मॉस्कोला गेली. तिथे दाद लागली नाही म्हणून पीटर्सबर्गला. १८५० साली मुलाला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी ती वारली. भिंतीवरच्या तक्त्यात या बाईचं नाव कुठेच नाही.

आपल्याकडेही रसायनशास्त्राच्या दारात बाईला अडवलंच होतं. कमला भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आल्या आणि १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश द्यावा लागला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, आणि घरच्या घरी अन्नातली भेसळ कशी ओळखावी हे त्यांनी तुमच्याआमच्यासारख्यांसाठी लिहिलं. एवढ्या शिकलेल्या बाईला स्वयंपाकघर हे प्रयोगशाळेपेक्षा कमी वाटलं नाही, हे विशेष.

तर आता मीठ. सोडियमला शेवटचा एक इलेक्ट्रॉन नकोसा झालेला, आणि क्लोरीनला आठ भरायला एकच कमी पडतोय. समोरासमोर आले की देवाणघेवाण झटक्यात होते. सोडियम तो एक देऊन मोकळा, क्लोरीन तो घेऊन तृप्त. देणाऱ्यावर धन प्रभार येतो, घेणाऱ्यावर ऋण, आणि त्या ओढीने दोघे एकमेकांना धरून राहतात. शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागणारा, पाण्याशी भांडणारा सोडियम आता राहिलाच नाही. आणि १९१५ सालच्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर ज्याने सैनिकांचे श्वास कोंडले तो क्लोरीन वायूही राहिला नाही. अणू तेच, पण बाहेरच्या कवचातला हिशोब बदलला आणि स्वभाव बदलला. संयुग म्हणतात ते हे. भेळीतले कुरमुरे निवडून काढता येतात. दह्यातून पुन्हा दूध काढता येत नाही. मीठ हे भेळ नव्हे.

आणखी एक. मिठाच्या खड्यात ही मंडळी जोडीजोडीने बसत नाहीत. प्रत्येक सोडियमच्या सहा बाजूंना सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनच्या सहा बाजूंना सहा सोडियम, असं चौकटीचं विणकाम दूरवर चाललेलं असतं. म्हणून तर मिठाचा दाणा चौकोनी! विश्वास नाही? सासऱ्यांचं भिंग घ्या आणि काळ्या कागदावर चिमूटभर मीठ टाकून बघा. मी वर्गात हेच केलं. ती प्रश्न विचारणारी मुलगी भिंग सोडायलाच तयार नव्हती.

हा सगळा प्रकार मी घरी मोठ्या उत्साहाने मावशींना सांगू लागले, तर त्याच मला शिकवू लागल्या. त्यांच्या सासूबाईंनी उभा जन्म मिठागरात पाट्या वाहिल्या होत्या. “वहिनी, पानी घेतलं का लगेच मीठ व्हत नाय,” त्या म्हणाल्या. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी बांधातून आत घ्यायचं. मग एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं उन्हात तापवत, दाट करत न्यायचं. शेवटच्या उथळ वाफ्यात पोचलं की मीठ धरू लागतं, मग ते ओढून काठावर ढीग घालायचे. पाऊस यायच्या आत सगळं आटपायला हवं. पाटी डोक्यावरून गळायची, पायांना चिरा पडायच्या आणि त्या चिरांत तेच खारं पाणी. “शेवटचं पानी सुकवायचं नाय, सोडून द्यायचं. नायतर मीठ कडू व्हतं.”

हे ऐकून मी पुस्तक पुन्हा उघडलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी २७ च्या आसपास आपलं मीठ. पाणी आटू लागलं की सगळे एकदम खाली बसत नाहीत. चुन्याच्या जातीचे क्षार आधी बसतात, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. ते कडू, आणि हवेतला ओलावा ओढणारे. म्हणजे मावशींच्या सासूबाईंना, ज्यांना सही करता येत नव्हती, मॅग्नेशियम क्लोराइड वेगळं काढता येत होतं! आणि तुमच्या घरातलं खडेमीठ पावसाळ्यात पाझरतं ना? त्यात हेच थोडंसं मागे राहिलेलं असतं. मीठदाणीत तांदळाचे चार दाणे टाकायची आपल्या आयांची युक्ती त्यावरच होती.

सारणीतले शेजारी ओळखता आले की वाणसामानाच्या पुड्याही वाचता येतात. क्लोरीनच्या रांगेत वर फ्लोरीन, खाली ब्रोमीन आणि त्याखाली आयोडीन. फ्लोरीनचं संयुग दातांच्या पेस्टमध्ये, क्लोरीन नळाच्या पाण्यात, आयोडीन मिठात आणि जखमेच्या औषधात. आयोडीन कमी पडलं तर गळ्याला गलगंड येतो एवढंच आपल्याला माहीत असतं. पण गरोदर बाईला ते कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणून आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला आपल्या देशात २००६ सालापासून बंदी आहे. घरी पोचेपर्यंत मिठात दहा लाख भागांना निदान १५ भाग आयोडीन उरलं पाहिजे, असा नियम. म्हणून बरणी घट्ट झाकणाची घ्या आणि गॅसच्या शेजारची तिची जागा बदला. ओल आणि उष्णता लागली की आयोडीन उडतं.

सोडियमच्या खाली पोटॅशियम. स्वभाव सारखा, म्हणून त्याचंही मीठ खारट लागतं. बाजारात ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे महाग पुडे मिळतात, त्यांत काही सोडियम काढून हे पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. आमच्या सासूबाईंना रक्तदाब आहे, म्हणून ह्यांनी कौतुकाने तो पुडा आणला. मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी साफ नको म्हणून सांगितलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर शरीरात पोटॅशियम साठून हृदयाला धोका होऊ शकतो. तेव्हा पुडा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको. आणि सैंधव? तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. उपासाला खुशाल खा, पण रक्तदाबाला चालतं म्हणून दुप्पट घालू नका. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यातच पापड, लोणचं, फरसाण आलं!

माझी एक शेजारीण अभिमानाने सांगते, “आमच्याकडे केमिकलवालं काही येत नाही.” तिला मी मिठाची बरणी दाखवणार आहे.

पाण्यात मीठ आधी घालून स्टीलचं पातेलं गॅसवर चढवायची सवय असेल तर तीही सोडा. स्टील हे संयुग नव्हे, मिश्रण. लोखंड, क्रोमियम, निकेल हे सारणीत एकाच आळीत राहणारे, २६, २४ आणि २८ नंबरचे. त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून भांड्यावर अदृश्य पापुद्रा धरतं आणि गंज येऊ देत नाही. न विरघळलेलं मीठ तळाशी बसून राहिलं की त्यातला क्लोराइड हा पापुद्रा टोकरतो आणि तळाला बारीक पांढरट खळगे पडतात. पाणी उकळलं की मीठ घाला आणि ढवळा.

आता इतका वेळ टाळत होते ती गोष्ट सांगते.

नववीचे तास मिळाले त्याच्या दोन वर्षं आधीची. दिवाळीच्या आधीचा रविवार. संडासाच्या फरशीवरचे पिवळे डाग काही केल्या निघेनात. घरात ॲसिडची बाटली होती, कपड्यांसाठी आणलेलं पातळ ब्लीचही होतं. मीच मावशींना म्हटलं, “दोन्ही एकदम ओता, म्हणजे एकदाचं निघेल.” त्या दार अर्धवट लावून खाली बसून घासत होत्या. दोन मिनिटांत खोकल्याचा आवाज आला. मला वाटलं, ॲसिडचा वास असेल. मग दार जोरात आपटलं आणि मावशी भिंतीला धरून बाहेर आल्या. डोळे लालभडक, श्वास घेता येईना. ह्यांनी त्यांना गॅलरीत नेऊन बसवलं, खिडक्या उघडल्या, तोंडावर पाणी मारलं, रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटलं, पण खोकला पुढे आठ दिवस पुरला. मी त्यांना पगारी सुट्टी दिली, औषधाचे पैसे दिले, आणि सगळ्यांना सांगितलं की “ॲसिडच खराब निघालं.”

ॲसिड खराब नव्हतं. नववीचं पुस्तक वाचताना मला ते कळलं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कारखान्यात तीन वस्तू मिळतात: कॉस्टिक सोडा, हायड्रोजन आणि क्लोरीन. क्लोरीन कॉस्टिक सोड्यात जिरवला की घरचं पातळ ब्लीच होतं. तोच क्लोरीन हायड्रोजनशी जोडून पाण्यात विरघळवला की संडास धुण्याचं ॲसिड. दोन्ही बाटल्यांतला क्लोरीन मिठातूनच आलेला, दोन वेगवेगळ्या संयुगांत बांधून ठेवलेला. मी त्या दोन्ही एकत्र ओतायला लावल्या आणि तो बांध सुटला. फरशीवर थोडं मीठ झालं, थोडं पाणी झालं, आणि क्लोरीन वायू मोकळा झाला. हा वायू हवेपेक्षा अडीचपट जड, खाली साचून राहणारा. उभं राहून सांगणारी मी वाचले, खाली बसून घासणाऱ्या मावशींनी तो घेतला.

म्हणून मैत्रिणींनो, ब्लीच कुठल्याही ॲसिडमध्ये मिसळू नका. व्हिनेगरमध्येही नाही, अमोनियाच्या काच पुसायच्या औषधातही नाही. ब्लीचिंग पावडरीलाही हेच लागू. एक वापरून झालं की भरपूर पाणी ओता, आणि दुसरं त्या दिवशी वापरूच नका. चुकून झालंच तर सांडलेलं पुसत बसू नका. माणसाला आधी बाहेर, मोकळ्या हवेत काढा, खिडक्या उघडा, डोळे पाण्याने धुवा आणि श्वास जड वाटत असेल तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा.

मावशींना हे सगळं मी त्या मिठागराच्या गप्पांच्या दिवशीच सांगितलं. सांगताना माझी जीभ अडखळत होती. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. जरा वेळाने म्हणाल्या, “म्हंजे ॲसिड चांगलं व्हतं?”

“हो,” मी म्हटलं. “सांगणारी चुकली होती.”

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर ब्लीचची बाटली मोरीतून उचलून गॅलरीतल्या कपाटात गेली होती, आणि ॲसिडच्या बाटलीच्या गळ्याला जुन्या लुगड्याचा लाल काठ बांधलेला होता. म्हणाल्या, “मला वाचता येत नाय वहिनी, पर हे कळंल.”